वाचक विचारतात : कॅम्पर गाडीतली बॅटरी

पाऊस ओसरला की चोर्ला, जांबोटी, हिडकल, आंबोलीकडे मुक्कामाच्या गाड्या निघतात आणि बॅटरीच्या तक्रारींची पत्रं यायला लागतात. या वेळी आठ पत्रं घेतली आहेत. बहुतेक पत्रांमागं एक प्रश्न सारखाच आहे : ‘नवी बॅटरी घ्यावी काय?’ आठांपैकी एकाच पत्राचं उत्तर ‘होय’ आहे.

पुढची उत्तरं वापरायला दोन वस्तू हव्यात. एक साधा डिजिटल मल्टिमीटर. दुसरा डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. तो घेताना डब्यावर डीसी अँपियर लिहिलंय का, ते वाचून घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळणारा स्वस्त क्लॅम्प बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो आणि बॅटरीच्या वायरवर लावला की खुशाल शून्य दाखवतो.

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर केला आहे. ड्रायव्हर सीटच्या मागं १५० एएचची (अँपियर-तास, म्हणजे साठ्याचं माप) ट्यूब्युलर बॅटरी, मागच्या दाराजवळ ४५ लिटरचा पोर्टेबल फ्रीज. जांबोटीच्या पुढं मुक्काम केला की पहाटे फ्रीज बंद पडूलाय, स्क्रीनवर व्होल्टेज कमी असल्याची खूण येते. सकाळी बॅटरीला मीटर लावला तर १२.३ व्होल्ट. बॅटरी आठच महिन्यांची. फ्रीजला २.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकली आहे, ती लायटरच्या सॉकेटपर्यंत जाते. बॅटरी बदलायची काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नको. विसावलेल्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.३ व्होल्ट म्हणजे अजून निम्म्याहून जास्त माल शिल्लक आहे. (१२.७ भरलेली, १२.२ निम्मी, ११.९ रिकामी. हे आकडे भार काढून दोन-तीन तास झाल्यानंतरचे.) बॅटरीत वीज आहे, फ्रीजपर्यंत पोचत नाही. ती वाटेत वायर आणि सॉकेट खातंय.

हिशोब मांडू. एक स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. ट्रॅव्हलरच्या कडेकडेनं, छताच्या कप्प्यातून वायर नेली तर सात मीटर सहज होतात. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून १४ मीटर धरायचे. १४ गुणिले ०.०१७५ भागिले २.५ म्हणजे जवळपास ०.१ ओहम. कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीज साडेचार अँपियर घेतो, म्हणजे वायरीतच ०.४४ व्होल्ट गेले. लायटर सॉकेटची स्प्रिंग आणि फ्यूजचा होल्डर मिळून आणखी ०.३ व्होल्ट सहज जातात. कॉम्प्रेसर उठताना क्षणभर ८ अँपियर लागले तर ही एकूण घट १.३ व्होल्टवर जाते. पहाटे भाराखाली बॅटरी १२.१५ला असेल तर फ्रीजच्या दारात त्या क्षणी १०.८५ उरले.

या फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी हाय, मीडियम, लो अशी तीन सेटिंग्ज असतात. हायवर तो साधारण ११ व्होल्टला बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला त्याहून बरंच जास्त व्होल्टेज मागतो. म्हणून एकदा पडला की ऊन वर येईपर्यंत किंवा इंजिन सुरू करेपर्यंत उठत नाही. दिवसा तक्रार दिसत नाही, कारण तेव्हा सोलर किंवा इंजिनवरचा अल्टरनेटर (डायनॅमो) बॅटरीला १३च्या वर धरून असतो.

हे स्वतः मोजून पाहा. फ्रीजचं तापमान खाली करा, म्हणजे कॉम्प्रेसर चालूच राहील. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर आणि काळी काडी फ्रीजच्या सॉकेटमागच्या पॉझिटिव्ह जोडावर. दोन्ही काड्या पॉझिटिव्हलाच, यात चूक नाही. जो आकडा येतो तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. काडी पोचत नाही म्हणून हे मोजणं बहुतेक जण सोडून देतात. घरातली पाच-सात मीटर कसलीही बारीक वायर काडीला जोडून लांबवा. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे बारीक वायरीनं आकडा बिघडत नाही. मग हेच निगेटिव्ह बाजूला करा.

दोन्ही बाजूंची बेरीज ०.३ व्होल्टच्या आत हवी. जास्त आली तर वाट तुकड्यातुकड्यानं तपासा : खुंट ते लग (वायरीच्या टोकाची कडी), लग ते फ्यूज, फ्यूजच्या आर-पार, फ्यूज ते सॉकेट. साडेचार अँपियरला चांगल्या ब्लेड फ्यूजवर २०-३० मिलिव्होल्टच पडतात. १००च्या वर दिसले तर होल्डरचे पाय ढिले किंवा काळे पडलेले आहेत. बॅटरीचा खुंट आणि त्याच्यावरचा क्लॅम्प यांच्यात काहीही दिसलं तर हिरवट-पांढरी भुकटी झालेली असणार. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवा, वाळू द्या, पॉलिश पेपरनं घासा, घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी लावून वर क्लॅम्प चढवायचा नाही.

निगेटिव्ह चासीवर दिला असेल तर खानापूरच्या पावसात तो पहिला संशयित. बोल्ट काढा, खालचा रंग आणि तांबेरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि शेवटी वरून रंगाचा हात मारा.

दुरुस्ती अशी : फ्रीजसाठी बॅटरीपासून स्वतंत्र ६ स्क्वेअर एमएमची जोडी टाका. साडेचार अँपियरला घट ०.१८ व्होल्टवर येते. १० स्क्वेअर एमएम टाकली तर ०.११, पण त्या फरकासाठी पैसे घालायची गरज नाही. लायटर सॉकेट काढून अँडरसन पद्धतीचा ५० अँपियरचा कनेक्टर लावा. फ्यूज १५ अँपियर, बॅटरीच्या खुंटापासून वीतभर अंतराच्या आत. वायर घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, गाडीतल्या साऊंड सिस्टिमच्या नावानं बरीच खपते. ती नको. लग दाबायला पक्कड पुरत नाही. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला हायड्रॉलिक क्रिम्पिंग करून देणारे मिळतात, वायरीची लांबी मोजून तिकडूनच लग दाबून आणा. नुसतं डाग देऊन जोडू नका. कथील वायरीत वर चढतं, तिथं ती ताठ होते आणि घाटातल्या हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते.

वायर बदलल्यावर फ्रीजचं सेटिंग हायवरच ठेवा. ‘लो करून टाका’ हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. त्यानं फ्रीज चालेल, पण खरंच बॅटरी उतरेल त्या दिवशी तिला कोणी वाचवणार नाही.

प्रश्न : २०२१ची डिझेल व्हॅन. पुढच्या आणि मागच्या बॅटरीच्या मध्ये रिले लावला आहे, इंजिन चालू झालं की आपोआप जोडणारा. निपाणीहून बेळगावला जाऊन परत आलो तरी मागची बॅटरी जिथल्या तिथं. डायनॅमो गेला काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : डायनॅमो हुशार झालाय. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि इंधन वाचवण्यासाठी अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा ताबा इंजिनच्या कॉम्प्युटरकडे गेला. पुढची बॅटरी भरली की तो व्होल्टेज १२.६-१२.९पर्यंत खाली आणतो आणि गिअरमध्ये उतारावर गाडी सोडली की १४.५च्या वर नेतो. तुमचा रिले व्होल्टेज बघून चालतो : १३.३च्या आसपास जोडतो, १२.८च्या आसपास सोडतो. त्यामुळे सुरू केल्यावर दहा मिनिटं तो जोडलेला असतो आणि पुढं हायवेभर सुटलेला.

सगळ्याच बीएस-६ गाड्यांत असं नसतं, तेव्हा आधी खात्री करा. पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा : थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच, १० मिनिटांनी, ३० मिनिटांनी सपाट रस्त्यावर आणि एखाद्या लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून. पूर्ण वेळ १४च्या आसपास राहिलं तर अल्टरनेटर साधाच आहे आणि दोष रिले, त्याचा फ्यूज किंवा त्याच्या अर्थच्या वायरीत शोधावा. सपाटीवर १३च्या खाली आणि उतारावर वर गेलं तर हुशार अल्टरनेटर नक्की. हेडलाइट लावून ठेवले की व्होल्टेज वर राहतं, असा एक उपाय सांगितला जातो. काही गाड्यांत तो चालतो, त्यावर बॅटरी सोपवू नका.

उपाय एकच, रिलेच्या जागी डीसी-डीसी चार्जर. तो १२.४ घेऊनही मागच्या बॅटरीला १४.४ देतो. १५० एएचच्या लेड-ॲसिडला २० अँपियरचा पुरे. मात्र बाहेर २० अँपियर १४.४ व्होल्टनं द्यायचे तर आत साडेबारा व्होल्टनं सुमारे २६ अँपियर ओढावे लागतात, थोडी वीज उष्णतेत जाते. वायर या २६ अँपियरसाठी मोजायची. पुढून मागे पाच मीटर असेल तर १६ स्क्वेअर एमएम घ्या, दोन्ही बॅटऱ्यांच्या खुंटाजवळ ४० अँपियरचा एकेक फ्यूज घाला. एकच फ्यूज लावून भागत नाही, कारण मधली वायर घासून बॉडीला लागली तर दोन्ही टोकांनी करंट येतो.

इथं तीन चुका नेहमी होतात. इग्निशनची बारीक वायर जोडायची राहते किंवा चुकीच्या जागी जोडली जाते. व्होल्टेज बघून इंजिन चालू आहे का ठरवणाऱ्या चार्जरला हुशार अल्टरनेटर फसवतो, म्हणून किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीवरून सिग्नल द्या. दुसरी चूक निगेटिव्हची. अशा गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर करंट मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. चार्जरची निगेटिव्ह थेट खुंटावर लावली तर तुम्ही ओढलेला करंट सेन्सरला दिसत नाही, कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो. ती सेन्सरच्या पलीकडे, चासीवर घ्या. तिसरी, चार्जर सीटखाली गाद्या-चादरींत कोंबणं. तो तापतो आणि आपणहून करंट कमी करतो, मग ‘२०चा म्हणून घेतला, १०च देतो’ अशी तक्रार येते.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. निपाणी ते बेळगाव दीड तासाचा प्रवास धरला तर ३० एएच जातील, त्यातलेही काही वाया. लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कितीही मोठा चार्जर लावला तरी तासन्‌तास लागतात. आठवड्यातून एकदा घरच्या विजेवर रात्रभर पूर्ण भरा, नाहीतर अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होत जातं.

प्रश्न : गाडी शहापुरात दारात उभी असते. काहीही चालू नसताना आठ-दहा दिवसांत मागची बॅटरी पूर्ण उतरते. बॅटरीवाला म्हणतो सेल गेला. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : सेल गेला असता तर भरल्याच्या दुसऱ्या दिवशी, वायरी काढलेल्या असतानाही व्होल्टेज साडेदहाच्या दिशेनं गेलं असतं. ही चाचणी आधी करा : पूर्ण भरा, निगेटिव्ह काढून ठेवा, तीन दिवसांनी मोजा. १२.६ असेल तर बॅटरी ठीक आहे आणि गाडीतलं काहीतरी रात्रंदिवस वीज पितंय.

सर्वांत मोठा संशय इन्व्हर्टरवर. काही न लावता नुसता ‘ऑन’ ठेवलेला हजार वॅटचा इन्व्हर्टर अर्धा ते एक अँपियर घेतो. ०.९ धरला तर दिवसाला २१.६ एएच, पाच दिवसांत १०८. बाकीचे चोर किरकोळ पण बारमाही : गॅस गळतीचा अलार्म ०.१ अँपियर घेत असेल तर दिवसाला २.४ एएच. जीपीएस, स्टिरिओची मेमरी, आकडे दाखवणारं यूएसबी सॉकेट, सोलर कंट्रोलर हे प्रत्येकी काही मिलिअँपियर.

शोधायची रीत : सगळं बंद करा, दारं लावा, अर्धा तास थांबा. डीसी क्लॅम्प आधी शून्यावर आणा आणि निगेटिव्ह वायरीभोवती धरा. एकूण ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर ठीक. क्लॅम्पला एवढा बारीक करंट नीट कळत नसेल तर मल्टिमीटर १० अँपियरच्या भोकात लाल काडी लावून खुंट आणि निगेटिव्ह वायर यांच्या मध्ये घ्या. इथं एक सापळा आहे. वायर काढून मीटरमधून जोडली की इन्व्हर्टरमधले कपॅसिटर एकदम भरतात आणि मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडतो. म्हणून वायर काढण्याआधी खुंट आणि लग यांना एका जाड तुकड्यानं पूल बांधा, मग लग काढा, मीटर लावा आणि शेवटी पूल काढा. मीटर असा जोडलेला असताना इन्व्हर्टर, पंप काहीही सुरू करायचं नाही. काम झालं की लाल काडी लगेच व्होल्टच्या भोकात परत. ती १०च्या भोकात राहिली आणि पुढच्या वेळी तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट आहे.

आता एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्या बरोबर आकडा पडला, त्या फ्यूजवरचं सामान दोषी. गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवर हातानं फिरवायचा आयसोलेटर (बॅटरी तोडणारा स्विच) बसवा, पण सोलर कंट्रोलरची वायर आयसोलेटरच्या बॅटरीकडच्या बाजूला घ्या. कंट्रोलर बॅटरीपासून तुटला आणि पॅनेल मात्र जोडलेलंच राहिलं, तर काही कंट्रोलर त्यात जळतात. काढताना पॅनेल आधी, जोडताना बॅटरी आधी.

प्रश्न : छतावर २०० वॅटचं पॅनेल आहे. कणकुंबीला जुलैत तीन दिवस राहिलो, बॅटरी भरलीच नाही. पॅनेल खराब? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : पॅनेल ठीक असणार, आभाळ खराब होतं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सपाट बसवलेलं २०० वॅट दिवसाला ५०-६० एएच देतं. घाटमाथ्यावरच्या जुलैत, झाडाखाली, त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी बरा. खात्री करायची असेल तर स्वच्छ दुपारी पॅनेलच्या वायरी कंट्रोलरपासून सोडवून व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या पॅनेलला २०-२२ हवेत. ते बरोबर असून करंट येत नसेल तर कॅरिअरच्या दांडीची सावली बघा. एका कोपऱ्यावरची बोटभर सावलीही निम्मं पॅनेल झोपवते.

प्रश्न : लेड-ॲसिड काढून १०० एएचची लिथियम बसवली. भिंतीवरचा जुना मीटर सतत १०० टक्के दाखवतो आणि मग अचानक सगळं बंद. कधी कधी मिक्सर लावतानाच बंद. माल डुप्लिकेट आहे काय? – एक वाचक, चिकोडी

उत्तर : दोन वेगळे दोष एकात मिसळले आहेत.

मीटरचा दोष असा, की तो लेड-ॲसिडच्या व्होल्टेजवरून टक्के काढतो. १२.७च्या वर काहीही त्याला भरलेलंच वाटतं. तुमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, तिला १२.८ म्हणजे तळ दिसायला लागला. १३.० ते १३.३ एवढ्या अरुंद पट्ट्यात तिचा साधारण तीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंतचा सगळा साठा मावतो, त्यामुळे व्होल्टेज बघून अंदाज बांधणं म्हणजे धुक्यात चोर्ला घाट उतरणं. शंट (करंट मोजायची पट्टी) असलेला मीटर घ्या, जो आत-बाहेर गेलेले अँपियर मोजून बेरीज-वजाबाकी ठेवतो. शंट निगेटिव्ह खुंटावर बसतो आणि सगळ्या निगेटिव्ह त्याच्या दुसऱ्या बाजूला घ्यायच्या. एकही चार्जर थेट खुंटावर राहिला तर हिशोब कायमचा चुकत जातो. महिन्यातून एकदा पूर्ण भरून १०० टक्क्यांवर जुळवून घ्या.

बंद पडण्याची कारणं बॅटरीतला बीएमएस (सेलवर नजर ठेवून धोका दिसला की बॅटरी तोडणारं सर्किट) सांगतो, फक्त विचारायची पद्धत माहीत हवी. भार काढल्यावर काही सेकंदांत बॅटरी परत जिवंत झाली तर ती जास्त करंटमुळे पडली होती. चार्जर लावेपर्यंत जिवंत झालीच नाही तर खरोखर रिकामी झाली होती. मिक्सरच्या वेळी पहिला प्रकार घडतो. ७५० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरमधून सुमारे ७० अँपियर मागतो आणि फिरायला लागताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. बीएमएस १०० अँपियरचा असेल तर हात वर करणारच. भांडं अर्धं भरा, पहिल्या वेगावर सुरू करा. चटणी रोजचीच असेल तर मिक्सरच लहान घ्या.

रिकामी होऊन पडलेल्या बॅटरीच्या खुंटांवर दोन-चार व्होल्टच दिसतात आणि साधा चार्जर ‘बॅटरी नाही’ म्हणून सुरूच होत नाही. लिथियम जागी करण्याची सोय असलेला चार्जर लागतो. तोच नेहमी वापरा. सेटिंग १४.२ ते १४.४, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५, तापमानानुसार बदल बंद, आणि ‘इक्वलाइज’ किंवा ‘रिपेअर’ नावाचा जो १५ व्होल्टच्या वरचा टप्पा असतो तो कायमचा बंद. भरताना १४च्या आधीच करंट तुटत असेल तर चार सेलपैकी एक पुढं पळतोय. कमी करंटवर बराच वेळ १४.२ला धरून ठेवा. बीएमएस मिलिअँपियरांत समतोल साधतो, त्याला घाई चालत नाही. आणखी एक : जागा. मे महिन्यात बंद गाडीत तापमान चिकोडीच्या उन्हापेक्षाही बरंच वर जातं. सेल ४५ अंशांच्या वर असताना भरू नये, चांगला बीएमएस भरूच देत नाही. दुपारी ‘सोलर घेत नाही’ वाटलं तर आधी बॅटरीला हात लावून बघा.

प्रश्न : सौंदत्तीला यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेच्या यात्रेत शेजारच्या दुकानातून एक्स्टेन्शन घेऊन चार्जर लावला. गाडीच्या दाराला ओल्या पायांनी हात लावला की झिणझिण्या येतात. बॅटरीचा करंट बॉडीत उतरला काय? – एक वाचक, गोकाक

उत्तर : १२ व्होल्टनं झिणझिण्या येत नाहीत. हा २३० व्होल्टचा मामला आहे. आधी प्लग काढा, पुढचं मग वाचा.

चार्जरमध्ये विजेतला खरखराट (इलेक्ट्रिकल नॉइज) गाळणारा एक फिल्टर असतो, तो फेज आणि न्यूट्रलमधून थोडा करंट अर्थच्या वायरीत सोडतो. अर्थ जमिनीत नीट पोचलेला असेल तर ते कळतही नाही. यात्रेतल्या तात्पुरत्या जोडणीत अर्थ बहुधा नसतोच, दोन वायरींचं एक्स्टेन्शन आणि त्याला तीन भोकांचा शोभेचा बोर्ड. मग चार्जरची पेटी आणि तिला जोडलेली सगळी गाडी टायरांवर अधांतरी राहून सुमारे ११५ व्होल्टला जाते. त्यात करंट बारीक असतो, म्हणून झिणझिण्यांवर निभावलं. चार्जरच्या आत फेज खरोखर पेटीला लागला तर निभावणार नाही.

बोर्डवर मीटर एसीला ठेवून तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १२० किंवा डळमळणारं आलं तर अर्थ नाही. तिथून वीज घ्यायची नाही, फुकट असली तरी. गाडीत बाहेरची वीज येते त्याच ठिकाणी ३० मिलिअँपियरचा, दोन्ही पोल तोडणारा आरसीसीबी (गळती कळताच वीज तोडणारा स्विच) आणि त्याच्यासोबत एमसीबी बसवा, आणि आत येणारा अर्थ बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टनं पक्का करा. गाडीतली सॉकेट्स इन्व्हर्टरवरही चालत असतील तर मध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच हवाच. इन्व्हर्टरच्या तोंडावर बाहेरची वीज गेली की तो धूर काढतो, आणि त्याची वॉरंटी मिळत नाही.

प्रश्न : फ्यूज होल्डर वितळला, फ्यूज मात्र शाबूत. असं कसं? – एक वाचक, हुक्केरी

उत्तर : फ्यूजला फक्त करंट कळतो, ढिला जोड कळत नाही. होल्डरच्या पायात ०.०२ ओहमचा रोध तयार झाला आणि २५ अँपियर वाहत असले की तिथं साडेबारा वॅट उष्णता निघते, म्हणजे नखाएवढ्या जागेत छोटी डाग द्यायची इस्त्री. ३०चा फ्यूज २५ला का उडेल? ब्लेड फ्यूजचे स्वस्त होल्डर सलग १५ अँपियरच्या वर चालवू नका. त्यावरच्या भाराला बोल्टनं आवळायचा मिडी किंवा एएनएल फ्यूज घ्या. आणि वितळला म्हणून मोठा फ्यूज घालू नका, फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरतो.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरच्या दोन जुन्या ट्यूब्युलर बॅटऱ्या पॅरलल करून गाडीत बसवल्या. चार्जिंगला लावल्या की सडक्या अंड्यासारखा वास येतो, एक बॅटरी हाताला गरम लागते. पाणी भरलं तरी वास जात नाही. – एक वाचक, संकेश्वर

उत्तर : हे ते ‘होय’वालं पत्र. चार्जर भिंतीतून बंद करा, गाडीची दारं-खिडक्या उघडा, अर्धा तास आत कोणी जाऊ नका, गाडीतलं कोणतंही बटण दाबू नका. वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे आणि तो विषारी आहे. सोबत निघणाऱ्या हायड्रोजनला वास नसतो, पण हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. थंड झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवा, आधी निगेटिव्ह.

गरम होणाऱ्या बॅटरीचा एक सेल आतून शॉर्ट झाला असणार. सहा सेलची बॅटरी पाचाची झाली. चार्जर १४.४ देतो ते आता पाच सेलवर पडतात, त्या उकळतात, आणि शेजारची चांगली बॅटरीही आपला साठा तिच्यात ओतत राहते. बारा तासांनी दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक साडेदहाच्या आसपास दिसेल. हायड्रोमीटर असेल तर चष्मा आणि हातमोजे घालून प्रत्येक सेलचं ॲसिड तपासा. भरलेल्या ट्यूब्युलरमध्ये १.२४०च्या आसपास हवं, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०नं खाली असला की निकाल लागला.

ती बॅटरी मोडीत द्या, नव्या खरेदीत जुन्या शिशाचे पैसे वळते होतात. दुसरी टाकून देऊ नका, पण एकटी वापरा. नवी आणून हिच्याशी पॅरलल जोडली तर जुनी नवीला आपल्या वयाला आणते. आणि उघड्या पाण्याची ट्यूब्युलर माणसं झोपतात त्या जागेत ठेवायचीच असेल तर झाकणबंद पेटीत ठेवा, पेटीच्या वरच्या कडेपासून बोटभर जाडीची नळी थेट गाडीबाहेर काढा आणि खालच्या बाजूनं हवा आत यायला एक भोक ठेवा. हायड्रोजन वर जातो, नळी खालून काढली तर तिचा उपयोग नाही.